पद्मिनीचं इंजिन करायचंय? आधी सांगलीला जाऊन मोजून या

ज्यांच्याकडे जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी आहे आणि इंजिनात थोडी जान आणावी असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सांगलीत माधवनगरच्या बाजूला बोअरिंग (झिजलेले सिलिंडर आतून कापून साफ करणं) आणि ग्राइंडिंगचं एक जुनं वर्कशॉप आहे. मी तिथं इंजिन करून घ्यायला गेले नव्हते. इंजिनाचं नेमकं काय करावं, हे ठरवायला गेले होते. गाडी उघडून, मोजून, कागदावर मांडून देण्याचं जे काम त्यांनी केलं, त्याबद्दलचं हे परीक्षण आहे. माझ्या माहितीत आपल्या भागात हे काम इतकं मन लावून दुसरं कोणी करत नाही.

वर्कशॉपचं नाव देत नाही, कारण मालकांनीच नको म्हणून सांगितलं. हाताखाली दोनच पोरं आहेत आणि आहे तेच काम उरकत नाही. सांगली-मिरजेत ट्रॅक्टरच्या कुठल्याही गॅरेजवर बोअरवाले चाचा विचारा, रस्ता दाखवतील.

आमची पद्मिनी १९८६ची. सासरे जावळीत सरकारी पशुवैद्यक होते. मेढ्यापासून बामणोलीपर्यंतच्या वाड्या-वस्त्या त्यांनी या गाडीतून पालथ्या घातल्या. आता ती आमच्याकडे साताऱ्यात आहे आणि मी ती चालवते. रोज नाही, पण सुट्टीच्या दिवशी कास, सज्जनगड, कधी मेढा. अडचण यवतेश्वरच्या घाटात येते. चार माणसं बसली की दुसऱ्या गिअरवर ती दमते, पहिला टाकावा लागतो, आणि मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत खोळंबतात. तापमानाचा काटा तांबड्याकडे सरकतो. उतरताना पाय उचलून परत दाबला की मागं निळा धूर. कासचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटरवर आहे, म्हणजे तिथं हवा दहा-बारा टक्क्यांनी विरळ. कार्ब्युरेटरच्या इंजिनाची ताकद तेवढी आपोआपच कमी होते. पण आमच्या गाडीची ताकद साताऱ्यातच अर्धी झाली होती.

मला गाडी पळवायची नाही. चार माणसं घेऊन ती घाट दुसऱ्यावर चढावी, तापू नये, आणि पुढची वीस वर्षं घरात राहावी, एवढीच इच्छा.

साताऱ्यात चौकशी केली तेव्हा एकच सल्ला सगळीकडून आला: इंजिनच बदला. कोणी म्हणे प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं बसवा. ते निसानचं १,१७१ सीसीचं इंजिन, प्रीमियरनं स्वतःच वापरलेलं, त्यामुळे घराण्यातलंच म्हणायचं. कोणी म्हणे मारुती एस्टीमचं १,२९८ सीसीचं टाका, विमान होईल. एका गॅरेजनं तर एक लाख दहा हजारांचा आकडा सांगून निम्मी रक्कम आगाऊ मागितली. बॉनेट उघडलं, पण एकही माप घेतलं नाही. आरसीचं काय, असं विचारल्यावर "होतंय हो सगळं" एवढंच उत्तर मिळालं.

हे तसं होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपासून वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आणि नंतर आरसीवर तशी नोंद लागते. आरसीवर इंजिन नंबर असतो. तो जुळला नाही तर पुनर्नोंदणीला गाडी नेली की तिथंच थांबते, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. शिवाय या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. एस्टीमच्या ताकदीवर ही गाडी सोडायची आणि थांबवायची मात्र १९५०च्या दशकात आखलेल्या ड्रमनी, हे मला पटणं शक्यच नव्हतं.

सांगलीचा पत्ता एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी दिला. त्यांचा आष्ट्याला ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर आहे. म्हणाले, "बाई, चाचा मोजल्याशिवाय पान्याला हात लावत नाहीत."

तेच खरं निघालं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांबट शेड. दारात ट्रॅक्टरची हेडं, शेतीपंपाच्या डिझेल इंजिनांचे ब्लॉक, आत उभं बोअरिंग मशीन, क्रँक ग्राइंडर आणि भिंतीला लाकडी पेटीत मायक्रोमीटरचे संच. चाचांचं अर्धं आयुष्य डिझेल इंजिनांवर गेलंय. या पट्ट्यात ते साहजिक आहे. किर्लोस्करवाडी याच जिल्ह्यातली. पद्मिनीचं मूळही सांगलीला अगदीच परकं नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, आणि विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव त्यांचंच आहे. चाचांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "त्या कॉलेजची पोरं येतात की माझ्याकडं, बोअर गेज कसा धरायचा ते बघायला."

मी घरून यादी करून गेले होते: बोअर मोठा करणं, दोन कार्ब्युरेटर, फ्री-फ्लो सायलेन्सर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. चाचांनी यादी नीट वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "ताई, आधी गाडी काय म्हणते ते ऐकूया. तुमचं नंतर."

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडर किती दाब धरतो याची. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, एकेका भोकात गेज लावून स्टार्टर मारला. आकडे आले ११०, ९५, ८० आणि १०५ पीएसआय. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. तेलानं पिस्टनभोवतीच्या रिंगांची फट तात्पुरती बुजते. आकडा वर आला तर गळती रिंगांतून, नाही आला तर व्हॉल्व्हमधून. पहिला १३५ वर गेला, दुसरा १२०, चौथा १३०. तिसरा ८० वरून ८५ वर येऊन थांबला. म्हणजे तीन सिलिंडरच्या रिंगा आणि बोअर गेलेले, आणि तिसऱ्याचा व्हॉल्व्हही. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडण्याआधीच निदान झालं होतं, आणि ते मला कळेल अशा पद्धतीनं झालं होतं. या माणसाचा मला सगळ्यात मोठा गुण हा वाटला. प्रत्येक आकडा ते मोठ्यानं वाचतात, तुम्हाला लिहायला लावतात, आणि आकड्याचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढं जात नाहीत.

गाडी तिथं ठेवून मी साताऱ्याला परतले. पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा गेले, तेव्हा हेड खाली उतरलेलं होतं.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिमी, म्हणजे १,०८९ सीसी. चाचांनी पहिल्या पिस्टनच्या माथ्यावरची काजळी लाकडी पट्टीनं खरवडली, रॉकेलचा बोळा फिरवला, आणि खाली कोरलेला ०२० हा आकडा दिसायला लागला. इंजिन आधी एकदा बोअर झालेलं होतं, इंचाच्या वीस सहस्रांशाचं, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. घरात कोणालाच हे माहीत नव्हतं. सासऱ्यांनी कधीतरी गुपचूप करून घेतलं असणार.

बोअर गेज लावला. वरच्या टोकाला, जिथं रिंगा थांबून उलट फिरतात, तिथं सगळ्यात झिजलेलं माप ६८.७० आलं, तळाशी ६८.५३. वर रुंद, खाली अरुंद. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर त्या दर फेरीला उघडझाप करतात आणि थोड्याच काळात तुटतात किंवा तेल प्यायला लागतात. तेव्हा बोअरिंग अटळ होतं. प्रश्न एवढाच होता की किती.

माझं मत ०६०. म्हणजे दीड मिलिमीटर, साधारण १,१३९ सीसी. काही लोक तर ७२ मिमीपर्यंत जायला सांगतात, कारण इटलीत फियाटच्या ११०० डी ला ७२ बोअरचं १,२२१ सीसीचं इंजिन होतं. चाचा ७२चं नावच काढू देत नाहीत. तो ब्लॉक वेगळा, हा वेगळा. दोन सिलिंडरमध्ये भिंत किती जाड उरेल हे मोजल्याशिवाय एवढं लोखंड कापणं म्हणजे ब्लॉकला भेग पाडून घेणं. आणि ०६०बद्दल त्यांचं म्हणणं इतकं साधं होतं की मी तिथल्या तिथं माझा आग्रह सोडला. या ब्लॉकला पिस्टन मिळतात ०३०, ०४० आणि ०६०चे. प्रत्येक पायरी म्हणजे इंजिनाचं एक आयुष्य. आज थेट शेवटच्या पायरीवर गेलात तर पुढच्या वेळी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये नवी नळी, ठोकण्याशिवाय गत्यंतर नाही. ०३०ला होतात १,११४ सीसी, ०६०ला १,१३९. फरक पंचवीस सीसीचा, सव्वादोन टक्क्यांचा. "घाटात तुम्हाला ते पंचवीस सीसी कळणार न्हाईत," चाचा म्हणाले, "पर ब्लॉक संपला की लगेच कळंल." ०३०ला बोअर पूर्ण साफ निघाला तर ०३०, एखादा ओरखडा राहिला तरच ०४०, असं ठरलं.

मग आलं ते काम, ज्यासाठी मी हे वर्कशॉप कोणालाही सुचवेन. हेड उलटं करून टेबलावर ठेवलं, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर. चेंबरच्या, म्हणजे हेडातल्या ज्या पोकळीत पेट्रोल जळतं तिच्या, कडेला ग्रीसची बारीक रेघ ओढली आणि वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबून बसवली. स्टँडला काचेची ब्युरेट. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे इंजिनाच्या शेडमध्ये पन्नास मिलीची ब्युरेट पाहून मला फार आनंद झाला. चाचांनी ती माझ्याच हातात दिली. स्पिरिटमध्ये शाईचा एखादा थेंब, रंग इतका फिकट की द्रवाची खालची वक्ररेषा स्वच्छ दिसावी. परमँगनेटइतका गडद असता तर वरची कड वाचावी लागली असती. तोटी उघडली, चेंबर भरत आला, शेवटी पट्टीखाली मुगाएवढा बुडबुडा अडकला. चाचांनी हेडाच्या एका टोकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, बुडबुडा चालत भोकापर्यंत आला आणि फुटला. आणखी चार थेंब. वाचन ३७.२ मिली, म्हणजे तेवढं त्या चेंबरचं आकारमान. पुढचे ३६.४, ३८.१ आणि ३६.९.

कारखान्यातून निघालेल्या ओतीव हेडात एवढा फरक राहतोच, त्यात नवल नाही. पण चार चेंबर सारखे नसले की चारही सिलिंडरमधला दाब सारखा नसतो, आणि ठिणगीचं कुठलंही टायमिंग लावलं तरी ते एखाद्याला जास्त आणि एखाद्याला कमी पडतं. इंजिन थरथरण्यामागं हेही एक कारण असू शकतं. चाचांचा उपाय असा: सगळ्यात मोठा ३८.१चा, म्हणून बाकीचे तिघं आतून हलके घासून ३८.१ला आणायचे, मग हेडाचा तळ सरफेस ग्राइंडरवर सरसकट खाली आणायचा.

किती खाली, हे आम्ही कागदावर काढलं. चेंबर ३८.१, त्यात दाबल्या गेलेल्या गास्केटची जागा साधारण ४.८, मिळून ४२.९ सीसी. पिस्टनचा माथा ब्लॉकच्या पातळीत येतो हे डायल लावून बघितलेलं होतं. सध्याच्या बोअरवर एका सिलिंडरचं आकारमान २७६.५ सीसी, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं तो आकडा) ७.४च्या आसपास. ०३० पिस्टन घातल्यावर आकारमान २७८.५. रेशो आठ हवा असेल तर वर ३९.८ सीसी जागा उरायला हवी. कमी करायचे तीन सीसीच्या थोडे वर. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ साडेसदतीस चौरस सेंटीमीटर. भागाकार केला की येतात ०.८ मिलिमीटर. चाचांनी हा भागाकार मी करायच्या आधी तोंडी सांगितला होता.

आठच का, नऊ का नको? नऊला आणखी पाच सीसी काढायचे म्हणजे हेडाचा तळ एकूण दोन मिलिमीटरहून जास्त खाली जाणार. हेड पातळ होतं, पुशरॉड लांब पडायला लागतात, उन्हाळ्यात घाटात ठोका (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) ऐकू येतो, आणि ठोक्यानं पिस्टनच्या कडा झडतात. त्यात या इंजिनाच्या क्रँकला (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याला) मेन बेअरिंग तीनच. वरच्या फेऱ्यांवर ताणायचं हे इंजिन नव्हेच. आठ हा आकडा मला शहाणपणाचा वाटला.

आता खरं बोलते, कारण अशा कामाबद्दल ऐकताना खूप मोठे आकडे कानावर येतात. साडेसातच्या खालून आठवर गेल्यानं ऑटो चक्राच्या सूत्रानुसार कार्यक्षमता वाढते दोन-सव्वादोन टक्के. बोअरनं आणखी एक टक्काही नाही. या इंजिनाची मूळ ताकदच सुमारे चाळीस हॉर्सपॉवर, त्यातले तीन टक्के म्हणजे सव्वा हॉर्सपॉवर. एवढ्यासाठी कोणी इंजिन उघडू नये. फायदा आहे तो गळती थांबण्यात, चारही सिलिंडर सारखे काम करण्यात, टायमिंग नेमकं लागण्यात. आमच्या गाडीनं जे गमावलंय ते परत मिळवणं हेच नव्वद टक्के काम आहे आणि वरची वाढ थोडीशी. चाचांनी हे पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं. वाढीची स्वप्नं दाखवून त्यांना माझ्याकडून दुप्पट पैसे काढता आले असते.

तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढला तर सीट (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी) खोल बसलेली होती. देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं ते २०००च्या फेब्रुवारीत. तोपर्यंत शिशाचा थर या सीटांना गादी पुरवायचा. तो गेल्यावर जुन्या मऊ सीटा हळूहळू ठेचल्या जातात आणि व्हॉल्व्ह आत बुडत जातो. व्हॉल्व्हचे टॅपेट दर काही महिन्यांनी आवळ का होतात, याचं उत्तर इथं मिळालं. चारही एक्झॉस्ट सीटा कडक धातूच्या बसवायच्या, गाइड बदलायचे.

आणि आजचं पेट्रोल. पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. आपल्याच सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांची त्यात भर असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं, पिकअपला खोकतं. ढोबळ हिशेबानं आठ टक्के जास्त इंधन, म्हणजे जेटचा व्यास चार टक्क्यांनी मोठा. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शतांशात असतो, त्यामुळे १२५चा असेल तर १३०. हे चाचांनी आणि मी मिळून काढलं, आणि त्यातला इथेनॉलचा भाग मी सांगितला याचं मला समाधान आहे. रबराचं मात्र त्यांनी दाखवलं: फ्युएल पंपाचा जुना डायफ्राम बोटांत धरला तर फुगून लिबलिबीत झाला होता. पाइप आणि डायफ्राम दोन्ही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यायचे. उन्हाळ्यात घाटात पंपावर ओला फडका टाकून गाडी थंड करणं पद्मिनीवाल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पंपात पेट्रोलची वाफ धरते म्हणून ते करावं लागतं, आणि इथेनॉलनं ती वाफ आणखी लवकर धरते. म्हणून पंप आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा करून देणार आहेत, अडीचशे रुपयांत.

फ्री-फ्लो आणि दोन कार्ब्युरेटर यांना चाचांनी नकार दिला. साध्या कॅमवर (व्हॉल्व्ह किती उघडायचे ते ठरवणाऱ्या दांड्यावर) त्यांचा उपयोग नाही, आवाज तेवढा वाढेल, खालच्या फेऱ्यांवरची ओढ जाईल आणि घाटात आपल्याला तीच हवी आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन चालेल म्हणाले, पण शेवटी; आधी डिस्ट्रिब्युटरचा दांडा हलतोय तो बुश घालून सरळ करायचा. ब्रेक आणि रेडिएटर मात्र इंजिनाच्या आधी करून आणा, नाही तर इंजिन बसवून देणार नाही, अशी अटच घातली. मला ही अट अतिशय आवडली.

खर्चाचा कागद त्यांनी पेन्सिलीनं लिहून दिला. पिस्टन, रिंगा, पिनांचा संच ६,५००. बोअरिंग आणि होनिंग सिलिंडरला ४५०. क्रँक ग्राइंडिंग आणि बेअरिंग मिळून ५,२००, तेही क्रँक मोजल्यावर गरज पडली तरच. हेडाचं सगळं काम ७,५००. ब्रेक, रेडिएटर, मजुरी धरून चव्वेचाळीस हजारांच्या आत-बाहेर. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड काट्यावर तोलून दोन ग्रॅमच्या आत जुळवून देणं मजुरीतच. हेड उघडून मोजण्याचे २,५०० घेतले. काम त्यांच्याकडेच केलं तर ते वळते करतात. कागद घेऊन दुसरीकडे गेलात तरी तोंड वाकडं करत नाहीत.

पाचातले चार तारे देते आहे, पाच नाही, त्याची कारणंही लिहायला हवीत. फोन उचलत नाहीत; दिवसभर मशीन चालू, ऐकूच येत नाही. सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका. कार्ब्युरेटरचं काम बाहेर देतात आणि तिथं काय चाललंय याची विचारपूस आपल्यालाच करावी लागते. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, जवळच्या पेट्रोल पंपावर जावं लागतं. मी हे चाचांना तोंडावर सांगितलं. म्हणाले, "खरंय ताई, आजवर कोण बाई आलीच न्हाई इंजिन घेऊन." पण आता मी गेले आहे, आणखी जाणार आहेत, तेव्हा ही सोय व्हायलाच हवी.

वेळेचं एक ध्यानात ठेवा. गळीत हंगामाच्या तोंडावर, म्हणजे श्रावणानंतर दिवाळीपर्यंत, ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर रांगेत असतात आणि कारला हात लागत नाही. कारखाने बंद झाले की, उन्हाळ्यात, तुमच्या गाडीला निवांत वेळ मिळतो. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी बंद, रविवारी सकाळी चालू. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी पेठनाक्याला हायवे सोडून आष्ट्यावरून यावं.

जाताना आरसीची प्रत न्या. ब्लॉकवरचा इंजिन नंबर ते आरसीशी ताडून बघतात आणि जुळला नाही तर काम घेत नाहीत. बोअर केल्यानं तो नंबर जागचा हलत नाही, म्हणून कागदपत्रांची धास्ती नको. जुने पिस्टन किंवा गास्केटचा संच घरात पडला असेल तर तोही न्या. पद्मिनीचे सुटे भाग आता शोधून काढावे लागतात आणि चाचा जुनी वस्तू मोजून वापरता येईल का ते सांगतात. आमचे ०३०चे पिस्टन कोल्हापुरातून मागवलेत. ते हातात येऊन मायक्रोमीटरखाली गेल्याशिवाय बोअरला हात लावायचा नाही, असं चाचांनी बजावून ठेवलंय, कारण खोक्यावरचा आकडा आणि आतला पिस्टन नेहमी एकच असतो असं नाही.